फ्लूची साथ मोजतात कशी? बातमीतला आकडा आणि गावातला ताप

कऱ्हाकाठ (धागाकर्ती)

पाऊस सुरू होऊन महिना झाला की ‘स्वाइन फ्लूचे रुग्ण दुप्पट’ अशी बातमी येते आणि ओळखीपाळखीचे लोक मला फोन करून विचारतात, ‘काळजी करण्यासारखं आहे का गं?’ मी जिल्हा पातळीवर साथरोग सर्वेक्षणाचं काम करते. फोनवर दोन मिनिटांत नीट सांगता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

बातमीतला आकडा फ्लू झालेल्या लोकांचा नसतो. ज्यांची चाचणी झाली आणि ती पॉझिटिव्ह आली, तेवढ्यांचाच असतो. चाचणी कोणाची करायची हे केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी ठरवून दिलंय. अ गट म्हणजे सौम्य ताप, खोकला, घसादुखी, अंगदुखी. त्यांनी घरी विश्रांती घ्यायची, चाचणी नाही. ब गटात ताप जास्त आणि घसा फार धरलेला, किंवा रुग्ण गरोदर, मधुमेही, वयस्कर, दमेकरी नाहीतर लहान मूल. डॉक्टरांना योग्य वाटलं तर ते ऑसेल्टामिविर हे फ्लूवरचं औषध सुरू करतात, पण चाचणी इथेही लागत नाही. क गटात धाप लागते, छातीत दुखतं, गुंगी येते, रक्तदाब उतरतो, बेडक्यातून रक्त पडतं. ह्यांना भरती करायचं आणि ह्यांचीच चाचणी करायची. उपचारांच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. तापाच्या प्रत्येक माणसाची आरटीपीसीआर करत बसलो तर प्रयोगशाळा आठवड्यात कोलमडतील. पण ह्या गाळणीतून खाली पडलेला आकडा म्हणजे साथ नव्हे, हे लक्षात ठेवायला हवं.

देशाचे आकडे बघा. २००९ मध्ये एच१एन१चे, म्हणजे स्वाइन फ्लूचे, २७,२३६ रुग्ण नोंदले गेले, मृत्यू ९८१. २०१० मध्ये रुग्ण २०,६०४, मृत्यू १,७६३. भागाकार केला तर पहिल्या वर्षी शंभरात साडेतीनच्या थोडं वर, पुढच्याच वर्षी साडेआठ. विषाणू वर्षभरात दुपटीहून जास्त घातक झाला असं ह्यावरून म्हणता येत नाही. २००९ च्या सुरुवातीला परदेशातून आलेल्यांची, त्यांच्या संपर्कातल्यांची, अगदी किरकोळ तापाच्या लोकांचीही चाचणी होत होती. नंतर ती गंभीर रुग्णांपुरती राहिली. भाजक बदलला की उत्तर बदलणारच. २०१५ च्या मोठ्या साथीत ४२ हजारांवर रुग्ण आणि जवळपास तीन हजार मृत्यू नोंदले गेले, तेव्हाही ‘शंभरातले सात दगावतात’ हा हिशोब बऱ्याच जणांनी माझ्यापुढे मांडला होता. तोही ह्याच कारणाने चुकीचा.

आणि आता दुसरी बाजू, जी मला जास्त अस्वस्थ करते. २०१० ते २०१३ ह्या वर्षांसाठी भारतात फ्लूशी संबंधित मृत्यूंचा अंदाज संख्याशास्त्राने काढला गेला, तो वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार निघाला. त्या वर्षांत नोंदलेले मृत्यू वर्षाला दोन हजारांच्या आत आणि अंदाज लाखाच्या वर. मधली माणसं ‘न्यूमोनिया’, ‘हार्ट फेल’, ‘वृद्धापकाळ’ ह्या नोंदींखाली गेलेली असतात. म्हणजे बातमीतला आकडा एकीकडे फ्लूला आहे त्याहून भयंकर दाखवतो आणि दुसरीकडे त्याने घेतलेले बहुतेक जीव झाकून ठेवतो.

मग साथ ओळखायची कशी? जगभर त्यासाठी सेंटिनल पद्धत वापरतात. ठरावीक दवाखाने आणि रुग्णालयं निवडायची, तिथे वर्षाचे बारा महिने एकाच व्याख्येत बसणारे रुग्ण मोजायचे आणि त्यातल्या काहींचे नमुने तपासायचे. बाह्यरुग्ण विभागासाठी व्याख्या अशी: ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, सोबत खोकला, आणि सुरुवात गेल्या दहा दिवसांतली. ह्याला आयएलआय म्हणतात. असाच रुग्ण भरती करावा लागला तर त्याला ‘सारी’ म्हणतात. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात तीच ही, फक्त शितं दर आठवड्याला त्याच पद्धतीने उचलायची. जूनच्या पहिल्या आठवड्यात शंभर नमुन्यांत चार पॉझिटिव्ह होते आणि जुलैअखेर पंचवीस झाले, तर साथ चढतेय हे मी छातीठोकपणे सांगू शकते. ‘आज राज्यात ३१२ रुग्ण’ ह्यावरून नाही सांगू शकत.

तुमच्या भागात काय दिसतं, दवाखान्यात काय अनुभव येतो, ते लिहा. डॉक्टर मंडळींनी तर नक्कीच.

डॉक्टर_वारणा

उत्तम धागा. मी तालुक्याच्या गावी बावीस-पंचवीस हजार वस्तीत खासगी प्रॅक्टिस करतो, म्हणून स्पष्टच लिहितो. तुमचं सर्वेक्षण सरकारी दवाखान्याच्या दारापासून सुरू होतं. तापाचा माणूस आधी येतो माझ्याकडे. दोन दिवस गोळ्या, तिसऱ्या दिवशी ‘डॉक्टर, एक इंजेक्शन द्याच’, आणि नाहीच उतरला तर सिव्हिल. म्हणजे साथ तुम्हाला दिसायला लागते तेव्हा माझ्या बाकड्यावर ती दहा-बारा दिवस बसलेली असते.

गेल्या पावसाळ्यात एकाच गल्लीतली चार घरं ओळीने आली. सगळ्यांचं चित्र सारखं: दुपारी अचानक थंडी वाजून ताप, डोळ्यांच्या खोबणी दुखतात, पाठ मोडून गेलीय, कोरडा खोकला. मी नमुना पाठवायचा म्हणून चौकशी केली. एका ठिकाणी सांगितलं, रुग्णाला इकडे आणा. दुसरीकडे घेतला, पण अहवाल आला तेव्हा माणूस उसाला पाणी पाजायला गेलेला. असं असेल तर आम्ही कशासाठी धडपडायचं?

कऱ्हाकाठ

डॉक्टर, तुमचं पहिलं म्हणणं शंभर टक्के मान्य. २००४ मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम सुरू झाला तेव्हापासून एस, पी आणि एल असे तीन फॉर्म आहेत. एस म्हणजे उपकेंद्राकडून लक्षणांवरून, पी म्हणजे डॉक्टरांच्या निदानावरून, एल म्हणजे प्रयोगशाळेकडून. २०२१ पासून हे सगळं आयएचआयपी ह्या ऑनलाइन प्रणालीवर आलं. एएनएम ताई, म्हणजे उपकेंद्रातल्या आरोग्यसेविका, मोबाइलवरच नोंद करतात, आठवड्याच्या कागदाची वाट बघावी लागत नाही. पण पी फॉर्म भरणाऱ्यांत खासगी दवाखाने फार थोडे, आणि लोक उपचार घेतात ते बहुतांशी खासगीतच. सगळ्या यंत्रणेतली सगळ्यात मोठी भेग हीच आहे असं माझं ठाम मत आहे.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र थोडं वेगळं सांगते. सर्वेक्षणाचा नमुना त्या रुग्णाच्या उपचारासाठी नसतोच. ऑसेल्टामिविर द्यायचं तर ते पहिल्या ४८ तासांत, लक्षणं बघूनच द्यायचं, अहवालासाठी थांबायचं नाही. नमुना असतो तुमच्या गल्लीत पुढच्या आठवड्यात येणाऱ्या पन्नास जणांसाठी. हे नमुना घेतानाच रुग्णाला आणि डॉक्टरला सांगितलं जात नाही, त्यामुळे उशिरा आलेला अहवाल फुकट गेल्यासारखा वाटतो.

आकडेमोड

मी आरोग्य क्षेत्रातला नाही, डेटाचं काम करतो. नमुने, प्रयोगशाळा ह्या सगळ्याला वेळ लागतो तर लोक गुगलवर ‘ताप खोकला औषध’ किती शोधतात, औषधाच्या दुकानात पॅरासिटामॉल किती खपतं, ह्यावरून साथ ओळखता नाही का येणार? माहिती त्याच दिवशी मिळेल.

टेम्सकाठी

@आकडेमोड, हा प्रयोग खुद्द गुगलनेच करून झालाय. २००८ मध्ये त्यांनी फ्लू ट्रेंड्स सुरू केलं. सुरुवातीला वाहवा झाली, पण २००९ ची नवी साथ आली तेव्हा पहिली लाट त्याने कमी दाखवली आणि २०१२-१३ च्या हिवाळ्यात अमेरिकेतला फ्लू प्रत्यक्षापेक्षा भलताच जास्त दाखवला. बातम्या वाढल्या की निरोगी लोकही शोधायला लागतात. २०१५ मध्ये ते बंद केलं. आपल्याकडे तर पावसाळ्यात डेंग्यू, चिकनगुनिया, लेप्टो, टायफॉइड सगळे एकदम येतात. पॅरासिटामॉल सगळ्यांनाच लागतं.

मी इंग्लंडमध्ये एका जीपी सर्जरीत, म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात, नर्स आहे. इथे जीपींचं सर्वेक्षणाचं जाळं १९५७ च्या आशियाई फ्लूच्या काळापासून चालू आहे. आता निवडक सर्जरींच्या संगणकांतून नोंदी आपोआप जातात, काही रुग्णांचे स्वॅब आम्ही घेतो, आणि हिवाळ्यात दर आठवड्याला देशाचा अहवाल जाहीर होतो: लाख लोकसंख्येमागे किती जण आयएलआय घेऊन जीपीकडे आले. ह्यातला ‘लाख लोकसंख्येमागे’ हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. इथे प्रत्येक माणूस कुठल्या ना कुठल्या सर्जरीत नोंदवलेला असतो, त्यामुळे आमच्या यादीत माणसं किती आणि त्यातली आजारी किती हे दोन्ही माहीत असतं. वारणेच्या डॉक्टरांना त्यांच्याकडे आलेले माणूस न् माणूस माहीत असेल, पण ‘त्यांची माणसं’ एकूण किती, हे कोणीच सांगू शकणार नाही.

कऱ्हाकाठ

टेम्सकाठी ताई, अगदी नेमकं बोललात. भाजक नसणं हेच आपलं दुखणं आहे. म्हणून पुणे जिल्ह्यातल्या वढू परिसराचं काम मला मोलाचं वाटतं. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने तिथली २२ गावं घरोघर जाऊन मोजून ठेवलीत. जन्म, मृत्यू, कोण राहायला आलं, कोण सोडून गेलं, सगळ्याची नोंद सतत चालू असते. त्या गावांतला माणूस श्वसनाच्या आजाराने भरती झाला की त्याचा नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत तपासला जाई. त्यामुळे ‘दहा हजारांमागे वर्षाला किती जण फ्लूने भरती होतात’ ह्याचं उत्तर आपल्या मातीतून मिळालं. हरियाणात बल्लभगढला एम्सचं असंच काम आहे. लाखभराची ही वस्ती देशाच्या लाखो चाचण्यांहून जास्त सांगून जाते, कारण तिथे भाजक पक्का आहे.

मृत्यूंच्या बाबतीतही तेच. युरोपात हिवाळ्यात नेहमीपेक्षा किती जास्त माणसं दगावली ह्यावरून फ्लूचा मार काढतात. आपल्याकडे २०२० मध्ये नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम साडेबावीस टक्क्यांच्या दाखल्यावर डॉक्टरने प्रमाणित केलेलं कारण होतं. बाकीच्यांचं काय धरायचं?

थंडपेटी

मी विषाणू प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे, आमच्या बाजूचं थोडं लिहितो.

नमुना येतो तो व्हीटीएमच्या, म्हणजे विषाणू टिकवून ठेवणाऱ्या द्रवाच्या, ट्यूबमध्ये. गुलाबी द्रव असतो, त्यात नाकातला आणि घशातला स्वॅब बुडवून काडी खाचेवर मोडायची आणि झाकण घट्ट लावायचं. ट्यूब पिवळी पडलेली दिसली की पोटात गोळा येतो, कारण आत जंतू वाढल्याची ती खूण असते. २ ते ८ अंशांत आला पाहिजे. बर्फ वितळून कोमट पाण्यात तरंगणाऱ्या ट्यूबा मी पाहिल्यात. त्या नमुन्यांतून निगेटिव्ह आला तर त्याचा अर्थ काय लावायचा? म्हणून नमुना उचलणाऱ्या माणसाचं आणि गाडी चालवणाऱ्याचं काम मला आमच्या मशीनइतकंच मोठं वाटतं.

आरटीपीसीआरवर आधी फ्लूचा विषाणू ए प्रकारचा की बी, मग ए असेल तर एच१एन१ की एच३एन२ हे कळतं. २०२३ च्या मार्चमध्ये सगळीकडे खोकल्याची साथ होती, तीन-तीन आठवडे हटेना, तेव्हा तो एच३एन२ आहे हे ह्याच सर्वेक्षणातून कळलं. पण लोकांना माहीत नसलेला भाग पुढचा. काही नमुन्यांतला विषाणू पेशींवर वाढवतात, त्याची जनुकीय क्रमवारी काढतात, आधीच्या लसीने तयार झालेली प्रतिपिंडं त्याला अजून ओळखतात का ते बघतात. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था ही जागतिक आरोग्य संघटनेच्या फ्लू जाळ्यातलं आपलं केंद्र. हे जाळं १९५२ पासून चालू आहे आणि योगायोगाने संस्थाही त्याच वर्षीची. जगभरची ही माहिती घेऊन दरवर्षी फेब्रुवारीत उत्तर गोलार्धाच्या आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धाच्या लसीत कोणते विषाणू घालायचे ते ठरतं. २००९ चा कॅलिफोर्निया नावाचा एच१एन१ कितीतरी वर्षं लसीत होता. विषाणू सरकत सरकत गेला आणि २०१७ च्या दक्षिणी लसीपासून त्याच्या जागी मिशिगन आला.

आणखी एक. बी यामागाता हा फ्लूच्या बी प्रकारातला विषाणू मार्च २०२० नंतर जगात कुठेही खात्रीलायक सापडलेला नाही. म्हणून चार घटकांची लस आता पुन्हा तीन घटकांवर आणायला सांगितलंय. एखादा विषाणू दिसेनासा झालाय हे म्हणायला तो सगळीकडे सातत्याने शोधत राहावं लागतं. निगेटिव्ह नमुन्यांचं मोल इथे कळतं.

मुठाकाठची

थंडपेटी, छान लिहिलंत. आम्ही पुण्याचे, २००९ चा ऑगस्ट विसरणं शक्य नाही. देशातला पहिला स्वाइन फ्लूचा मृत्यू आमच्या शहरात झाला आणि रात्रीतून शहर बदललं. शाळा बंद, दुचाकीवर सगळ्यांच्या तोंडाला रुमाल, नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी सकाळपासून रांगा. माझा मुलगा तेव्हा दुसरीत होता. त्याला साधी शिंक आली तरी सासूबाई देवापुढे बसायच्या. त्या रांगेत ताप असलेले आणि नसलेले खेटून उभे होते. चाचणी सगळ्यांची का करत नाहीत म्हणून तेव्हा मीही चिडले होते, पण धागा वाचून अ-ब-क गटांमागचं कारण आज पहिल्यांदा पटलं.

एक प्रश्न आहे. आईला मधुमेह आहे, वय ७४. लस ऑक्टोबरमध्ये घ्या असं कोणी सांगतं, कोणी मेमध्ये. नक्की कधी?

कऱ्हाकाठ

हा प्रश्न सर्वेक्षणानेच सोडवलाय, म्हणून आवडीने उत्तर देते. आपला देश उत्तर गोलार्धात, म्हणून उत्तरेच्या वेळापत्रकाने ऑक्टोबरमध्ये लस, असा सरळ हिशोब पूर्वी केला जायचा. नंतर वेगवेगळ्या शहरांतल्या प्रयोगशाळांनी काही वर्षं सलग नमुने तपासले. श्रीनगरला फ्लू हिवाळ्यात चढतो, युरोपसारखा. दिल्ली, पुणे, कोलकाता इथे जुलै ते सप्टेंबर, पावसाबरोबर. चेन्नई-वेल्लूरला ऑक्टोबर-नोव्हेंबर, म्हणजे तिथला पाऊस येतो तेव्हा. एकाच देशात तीन वेळापत्रकं! जानेवारी ते मार्च ही आणखी एक छोटी-मोठी लाट येते, ती वेगळी.

लसीचा परिणाम यायला दोन आठवडे लागतात आणि काही महिन्यांनी तो ओसरतो. त्यामुळे महाराष्ट्रात पावसाआधी, एप्रिल-मेमध्ये घेणं शहाणपणाचं. राहून गेली असेल तर जूनमध्येही घ्या. त्या वेळी नव्या दक्षिणी घटकांची लस मिळते का ते विचारा. लस फ्लू हमखास थांबवते असं नाही. विषाणू जुळला तर ४० ते ६० टक्क्यांच्या आसपास संरक्षण मिळतं, पण आईंच्या वयाला आणि मधुमेहाला भरती टळणं हेच मोठं आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून गरोदर बायका, मधुमेह-रक्तदाबाचे रुग्ण ह्यांच्यासाठी सरकारी दवाखान्यांतून मोफत लसीचा कार्यक्रम आहे. जवळच्या दवाखान्यात साठा आहे का ते विचारा, आणि आईंच्या डॉक्टरांशी बोलून घ्या.

नवापूरकर

माणसांच्या फ्लूवर चाललंय, पण आमच्या नवापूरचं नाव निघायला हवं. फेब्रुवारी २००६, देशातला पहिला बर्ड फ्लू आमच्याकडे. भोपाळच्या प्रयोगशाळेने कोंबड्यांत एच५एन१ असल्याचं सांगितलं आणि लाखो पक्षी मारावे लागले. पोल्ट्रीवर उभा असलेला आमचा तालुका झोपला. तेव्हा घरोघर फिरून कोणाला ताप-खोकला आहे का विचारत होते, नमुने पुण्याला जात होते. माणसांत एकही सापडला नाही. पण त्या आधी कोंबड्या मरत होत्या तेव्हा शेतकरी बोलत नव्हते, कारण बोललं की धंदा बसणार. भरपाईची खात्री आधी असती तर लोक लवकर बोलले असते. सर्वेक्षणात हा पैशाचा भाग कोणी धरत नाही.

कऱ्हाकाठ

नवापूरकर, हे सोनाराने कान टोचावेत तसं झालं. ज्याचं नुकसान होणार तोच पहिली खबर देणारा असतो, मग तो पोल्ट्रीवाला असो, शाळा असो की ‘आमच्याकडे साथ आहे’ म्हटल्यावर ओस पडणारी खानावळ. माझ्या कामात हे रोज दिसतं आणि त्यावर आमच्या फॉर्ममध्ये एकही रकाना नाही.

वर्गशिक्षिका

शाळेचा विषय निघाला म्हणून विचारते. जुलैमध्ये आमच्या पाचवीच्या वर्गात ४१ पैकी १७ मुलं एका दिवशी गैरहजर होती, सगळी तापाने. मी मुख्याध्यापकांना सांगितलं, त्यांनी ‘व्हायरल आहे’ म्हणून सोडून दिलं. ही माहिती कोणाला द्यायची असते का? आणि दिली तर शाळा बंद करतील का?

कऱ्हाकाठ

ताई, द्यायची असते, आणि तुमच्या हजेरीपटाइतका चांगला पुरावा मला महिन्यात क्वचित मिळतो. पटसंख्या ४१ हा तुमचा पक्का भाजक! तुमच्या भागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना किंवा तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना फोन करा. आशाताई ओळखीच्या असतील तर त्यांच्याकडून निरोप गेला तरी चालतो. शाळा, वर्ग, किती जण, कधीपासून आणि लक्षणं काय, एवढं सांगा. मुलांची नावं फोनवर देऊ नका, लागली तर आरोग्य पथक येऊन घेईल. शाळा बंद करणं हा पहिला उपाय नसतो. ताप उतरून पूर्ण दिवस जाईपर्यंत मूल घरी ठेवायचं, खिडक्या उघड्या ठेवायच्या, आणि चार-पाच मुलांचे नमुने घ्यायचे. फ्लू निघाला तर गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडे आणि गरोदर बायकांकडे आधी लक्ष द्यायचं. मुलं बरी होतात, पण ती आजार घेऊन जातात आजी-आजोबांकडे.

डॉक्टर_वारणा

धागा दोनदा वाचला. मला खटकत होतं ते कमी झालंय असं नाही, पण भाजकाचा मुद्दा डोक्यात बसला. माझ्याकडे रोजचा केस पेपरचा नंबर असतोच. दिवसाचे एकूण रुग्ण आणि त्यातले ३८ च्या वर ताप अधिक खोकला असलेले, अशा दोन संख्या वहीत लिहायला मला पाच मिनिटं पुरतील. शनिवारी ते कोणाला पाठवू? आणि स्वॅब कधी घेतला तर उपयोगी?

कऱ्हाकाठ

डॉक्टर, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना पाठवा आणि त्यांच्याकडून आयएचआयपीवर तुमच्या दवाखान्याची नोंदणी करून घ्या, म्हणजे पुढे थेट भरता येईल. रुग्ण नसले तरी शून्य लिहा, ती ओळ गाळू नका. मार्च-एप्रिलचे कोरडे आठवडेही लागतात, नाहीतर जुलै चढला हे कशाच्या तुलनेत म्हणायचं? दवाखान्याची सुट्टी असेल तो दिवस मात्र वेगळा दाखवा, शून्य नको.

स्वॅब ताप आल्यापासून पहिल्या तीन-चार दिवसांत, ऑसेल्टामिविर सुरू करण्याआधी. नाकाचा आणि घशाचा दोन्ही, एकाच ट्यूबमध्ये. ओळखीचा किंवा जास्त आजारी दिसणारा रुग्ण निवडू नका. दिवस ठरवा, समजा सोमवार, आणि त्या दिवशी व्याख्येत बसणारे पहिले दोन घ्या.

थंडपेटी

आणि ट्यूब फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा डॉक्टर, बर्फाच्या खणात नको. लेबलवर नावाबरोबर ताप सुरू झाल्याची तारीख लिहा. ती नसेल तर निगेटिव्ह आलेल्या नमुन्याचं आम्हाला काहीच करता येत नाही.